नाताळच्या डब्यात खुसखुशीत शॉर्टब्रेड

मैदा, लोणी आणि साखर या तीनच वस्तू, वर मूठभर सुकी फळे. अंडे नको, सोडा नको, यीस्ट नको. स्कॉटलंडच्या थंडीत जन्मलेले हे बिस्कीट आपल्या स्वयंपाकघरात कसे साधायचे, आणि ते साधताना कशात काटकसर मुळीच करायची नाही, याविषयी.

डिसेंबर उजाडला की बाजाराचा रंग पालटतो. दिवाळीचे आकाशकंदील उतरतात आणि त्याच दोरीला नाताळच्या चांदण्या लटकू लागतात. बेकरीच्या काचेमागे प्लम केकचे ढीग रचले जातात. शाळांना सुट्टी पडली की मुले ‘आज काहीतरी वेगळं कर ना’ म्हणून मागे लागतात. वेगळे म्हणजे काय, तर केक! पण केक म्हटला की अंडी आली. काही घरांत ती चालत नाहीत. काही घरांत चालतात, पण ज्या शेजाऱ्यांकडे बशी पाठवायची त्यांना चालत नाहीत. बिनअंड्याचा केक करावा, तर तो कधी मध्येच बसतो, कधी चिवट होतो.

अशा वेळी शॉर्टब्रेडची आठवण ठेवावी. हे बिस्कीट मुळातच बिनअंड्याचे आहे. कुणाच्या सोयीसाठी त्यातून अंडे काढून टाकलेले नाही; ते त्यात कधी नव्हतेच. त्यामुळे नाताळच्या डब्यातून ते कुठल्याही घरी निःशंक मनाने पाठवता येते. करायला सोपे, टिकायला चांगले आणि शंकरपाळे-करंज्या करणाऱ्या हातांना तर अगदी ओळखीचे. मात्र त्याची एक अट आहे. जिथे तीनच जिन्नस असतात, तिथे एकही हलका चालत नाही.

नावात ब्रेड, पण पाव नव्हे

शॉर्टब्रेडचे मूळ स्कॉटलंडचे. मध्ययुगात पाव भाजून झाल्यावर उरलेल्या पिठाचे गोळे साखर आणि मसाला भुरभुरून मंद भट्टीत पुन्हा वाळवत. आपल्या टोस्टसारखा हा कडक प्रकार म्हणजे त्याचा पूर्वज. पुढे कधीतरी यीस्टची जागा लोण्याने घेतली आणि कडक टोस्टचे खुसखुशीत बिस्कीट झाले. नावातला ‘ब्रेड’ मात्र तसाच राहिला.

त्या काळी लोणी महाग होते. म्हणून शॉर्टब्रेड हा रोजचा खाऊ नव्हता. लग्नकार्य, नाताळ आणि नववर्ष अशा प्रसंगांसाठीच तो राखून ठेवलेला असे. सोळाव्या शतकातली स्कॉटलंडची राणी मेरी हिला तो फार आवडे, असे सांगतात. तिच्या नावाशी जोडला गेलेला प्रकार गोल चकतीचा. चकतीच्या कडेला चिमटे काढून चुण्या घालायच्या आणि तिचे त्रिकोणी तुकडे पाडायचे. त्या काळच्या घेरदार परकराच्या कळ्यांसारखे ते दिसतात, आणि परकरावरूनच त्यांना नाव पडले आहे. याशिवाय बोटांसारख्या लांब कांड्या आणि लहान गोल बिस्किटे हे आणखी दोन रूढ आकार.

शॉर्टब्रेडमध्ये फळे घालण्याची कल्पनाही आजची नाही. स्कॉटलंडच्या पर्थशायर भागात ‘पिटकेथ्ली बॅनक’ नावाची जाड चकती करतात. तिच्यात बदामाचे काप आणि पाकवलेली लिंबू-संत्र्याची साल असते. आज आपण ज्याला फ्रूट शॉर्टब्रेड म्हणतो, त्याचे हे जुने घराणे.

स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणेनंतर नाताळ साजरा करणे कित्येक पिढ्या नापसंत मानले जाई. तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती थेट १९५८ साली! त्यामुळे थंडीतला मोठा सण म्हणजे ३१ डिसेंबरची रात्र. तिला ते ‘हॉगमनी’ म्हणतात. मध्यरात्रीचे ठोके पडल्यावर घराचा उंबरठा पहिल्यांदा कोण ओलांडतो, यावर वर्षाचा शकुन ठरतो. उंच आणि काळ्या केसांचा पुरुष आला तर उत्तम. त्याने रिकाम्या हाताने यायचे नाही. चुलीसाठी कोळसा, घशासाठी व्हिस्की आणि घरात अन्नाला तोटा पडू नये म्हणून शॉर्टब्रेड किंवा फळांचा काळा केक, अशा वस्तू आणायच्या. उंबरठ्याला आणि पहिल्या पावलाला महत्त्व देणाऱ्या आपल्या घरांना ही रीत परकी वाटू नये.

‘शॉर्ट’ म्हणजे आपले मोहन

शॉर्टब्रेड या नावातला ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड नव्हे. जुन्या इंग्रजीत जे सहज मोडते, भुगा होते, त्याला हा शब्द वापरत. आपल्याकडे त्याच गुणासाठी ‘खुसखुशीत’ हा नेमका शब्द आहे. तो गुण येतो कुठून, हेही आपल्याला ठाऊक आहे. करंजीच्या रव्या-मैद्यात आपण कडकडीत तुपाचे मोहन का घालतो? पुरी चिवट होऊ नये म्हणून.

यामागचे शास्त्र असे. गव्हाच्या पिठातील प्रथिनांना पाणी मिळाले आणि पीठ मळले गेले, की त्यांचे लवचीक धागे तयार होतात. त्याला ग्लुटेन म्हणतात. पोळी ताणली जाते, फुलते, ती या धाग्यांमुळे. पण बिस्किटात ते नको असतात. पिठाच्या कणांना आधीच तुपा-लोण्याचा लेप बसला, तर पाणी आतपर्यंत पोहोचत नाही, धागे लांब होत नाहीत आणि घास तोंडात टाकताच विरघळतो. शंकरपाळ्याला मोहन कमी पडले की ते दगड होते आणि जास्त पडले की तेलात विरघळते. शॉर्टब्रेडमध्ये मोहनाचे प्रमाण इतके भरपूर असते की तळणे शक्यच नाही. म्हणून ते भाजायचे.

हे प्रमाण लक्षात ठेवायला अगदी सोपे आहे. वजनाने तीन भाग पीठ, दोन भाग लोणी, एक भाग साखर. पिठापैकी थोडा भाग तांदळाच्या पिठीचा घेतला तर बिस्कीट आणखी भुसभुशीत होते, कारण तांदळात ग्लुटेन नसते. साट्याच्या करंजीत तुपाबरोबर तांदळाची पिठी फेसणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नकोच.

सुरत, पुणे आणि हैदराबाद

लोण्या-तुपाच्या बिस्किटांची ही जातकुळी भारतालाही नवी नाही. आपली नानखटाई तिच्यातलीच. सुरतेत तिची कहाणी अशी सांगतात की, डच व्यापाऱ्यांसाठी पाव भाजणारी एक बेकरी ते निघून गेल्यावर दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे आली. डच गेले, तसे पावाचे गिऱ्हाईकही गेले. उरलेला, वाळलेला पाव मात्र स्थानिक लोकांना चहात बुडवून खायला आवडू लागला. त्यातून खास वाळवलेली बिस्किटे आणि पुढे नानखटाई आली. पावापासून बिस्किटापर्यंतचा प्रवास सुरतेत आणि स्कॉटलंडमध्ये जवळजवळ सारखाच झालेला दिसतो.

पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवर १९५५ साली सुरू झालेल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे तर पुण्याहून न्यायची भेटच झाली आहेत. नाव इंग्लंडमधल्या गावाचे, हात इराणी आणि खाणारे पुणेकर! फळे घातलेल्या बिस्किटाचे नाव मात्र हैदराबादने गाजवले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ साली मोअज्जम जाही मार्केटजवळ कराची बेकरी सुरू केली. तिथली टुटीफ्रुटीची चौकोनी बिस्किटे आज देशभर प्रवासाच्या बॅगांतून फिरतात. हैदराबादला नातेवाईक असलेल्या मराठी घरांत तो डबा हमखास पोहोचतो.

आणि ओव्हन नसतानाही आपल्याकडे बिस्किटे होतच होती. दिवाळीच्या तोंडावर रवा, मैदा, तूप, पिठीसाखर आणि पत्र्याचा डबा घेऊन बेकरीत जायचे, आपल्यासमोर पीठ मळून घ्यायचे आणि भट्टीतून निघालेल्या गरम नानखटाईने डबा भरून आणायचा, हा अनेक गावांतला रिवाज. मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्यांचे दिवस मात्र भरले आहेत. हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याबाबत निर्देश दिले. भट्टी गॅसची असो वा विजेची, आपले सामान आपण नेण्याच्या या पद्धतीत एक मोठा गुण होता. तूप कोणते पडले, ते डोळ्यांना दिसत असे.

काटकसर इथे नको

आणि खरी मेख या तुपातच आहे. बाजारातल्या स्वस्त बिस्किटात लोणी परवडत नाही. त्याची जागा वनस्पती तूप किंवा बेकरीचे मार्गारीन घेते. घरी करतानाही पुष्कळजणी ‘कशाला एवढे महागाचे बटर’ म्हणून अर्धे वनस्पती घालतात. बिस्कीट दिसायला छान होते, कदाचित आकारही जास्त नीट राहतो. पण खाऊन पाहा. लोणी तोंडाच्या उष्णतेला विरघळते. वनस्पती तुपाचा वितळबिंदू सहसा त्याहून वरचा असतो, म्हणून घास संपला तरी टाळ्याला मेणचट थर राहतो. शॉर्टब्रेडला दुसरा कुठला स्वादच नाही. लोणी गेले की उरतो तो गोड मैदा.

आरोग्याचा मुद्दा याहून गंभीर आहे. तेल घट्ट करण्याच्या जुन्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतात आणि ते हृदयाला घातक असतात, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणूनच भारताच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने खाद्यतेले व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ साली तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली. कायद्याने बाटली-डब्यातला माल सुधारला, ही चांगली गोष्ट आहे. पण सुट्या मालात काय आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. घरी केलेल्या बिस्किटाचे मोल आहे ते इथे.

लोण्यातही आरोग्याचा धडा आहेच. खाली दिलेल्या प्रमाणात साधारण ३२ बिस्किटे होतात आणि हिशेब केला तर एकेक बिस्कीट सुमारे १०० कॅलरींचे पडते. चहाबरोबर चार सहज संपतात, म्हणजे जवळजवळ चार पोळ्यांइतक्या कॅलरी झाल्या. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांनी घालून दिलेले पथ्य नाताळातही पाळावे. बाकीच्यांनी लोणी कमी करण्यापेक्षा बिस्किटाचा आकार लहान करावा. एक खावे, पण खरे खावे.

फळे कोणती निवडावीत?

पहिला नियम, ताजी फळे नकोत. त्यांच्यातले पाणी पिठात उतरते आणि बिस्कीट मऊ पडते. सुकी किंवा पाकवलेली फळेच घ्यावीत.

बेदाणे आणि काळ्या मनुका: सांगली-तासगावचा बेदाणा प्रसिद्धच आहे, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. बेदाणे धुऊन, संत्र्याच्या रसात दोन-तीन तास भिजवून, निथळून, पंचावर रात्रभर पसरून ठेवावेत. मोठे असतील तर चिरावेत. परदेशी कृतींत फळे रममध्ये भिजवतात. डबा शेजारी द्यायचा असेल तर संत्र्याचा रसच बरा.

संत्र्याची साल: डिसेंबरात नागपुरी संत्री भरपूर असतात आणि साल आपण टाकून देतो. चार संत्र्यांची साल स्वच्छ धुऊन आतला पांढरा भाग सुरीने खरवडावा. पाण्यात पाच मिनिटे उकळून ते पाणी ओतून द्यावे. असे दोनदा केले की कडवटपणा जातो. मग सालीचे बारीक काप करून, तितक्याच वजनाची साखर आणि साखरेच्या निम्मे पाणी घालून, काप पारदर्शक दिसेपर्यंत मंद आचेवर शिजवावेत. चाळणीवर निथळून एक-दोन दिवस वाळवावेत. याच्या वासाने सारे घर भरते.

टुटीफ्रुटी: नाव इटालियन, अर्थ ‘सगळी फळे’, पण आपल्या बाजारातली टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई! ती घरी सहज होते. पाव किलो कच्च्या पपईच्या हरभऱ्याएवढ्या फोडी पाच-सात मिनिटे उकळून निथळाव्यात. पाव किलो साखर आणि एक वाटी पाणी यांच्या पाकात घालून, पाक एकतारी होईपर्यंत शिजवाव्यात. वासाला व्हॅनिला घालावा. निम्म्या फोडींत बीटचा चमचाभर रस मिसळावा, निम्म्या तशाच ठेवाव्यात. रात्रभर पाकात मुरवून, निथळून, दिवसभर ताटात सुकवाव्यात. रंगाची धास्ती उरत नाही.

चेरी: बेकरीतल्या लालभडक चेऱ्या घेताना डब्यावरचे नाव वाचावे. आपल्याकडे पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेली करवंदेच चेरी म्हणून विकली जातात. करवंद वाईट नाही, रंग मात्र बेताचा असावा.

याखेरीज काजू-बदाम-पिस्त्याचे काप, सुके अंजीर किंवा खजुराचे तुकडेही चालतात. दोन-तीन प्रकारच एकत्र करावेत. फळे पाहुणी आहेत, यजमान लोणी आहे, हे विसरू नये.

कृती

साहित्य: २४० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम तांदळाची बारीक पिठी, २०० ग्रॅम लोणी किंवा बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम मिश्र सुकी फळे बारीक चिरून, एका संत्र्याची किसलेली वरची साल किंवा अर्धा चमचा वेलचीपूड. बटर बिनमिठाचे असेल तर चिमूटभर मीठ.

वाटीच्या मापापेक्षा वजनकाटा वापरावा. वाटीभर मैदा आणि वाटीभर लोणी यांचे वजन सारखे नसते, आणि तीन-दोन-एकचे गणित वजनाचे आहे. घरी विरजणाच्या सायीचे लोणी असेल तर ते तीन-चार वेळा गार पाण्यात धुऊन, ताकाचा अंश काढून, चांगले पिळून घ्यावे. साजूक तूप वापरायचे असेल तर ते थिजलेले घ्यावे आणि २०० ऐवजी १६० ग्रॅमच घ्यावे, कारण लोण्यात पाण्याचा अंश असतो, तुपात नसतो. तुपाचे बिस्कीट चवीला नानखटाईच्या जवळ जाते.

१. मैदा आणि तांदळाची पिठी दोनदा एकत्र चाळावी. चिरलेल्या फळांना त्यातलाच एक चमचा मैदा चोळून ठेवावा, म्हणजे ती एकमेकांना चिकटत नाहीत.

२. लोणी बोट दाबल्यावर खळगा पडेल इतपतच मऊ असावे, वितळलेले नको. दिल्ली-इंदूरच्या थंडीत ते तासभर बाहेर ठेवावे लागेल. मुंबई-चेन्नईकडे दहा मिनिटे पुरतात.

३. परातीत लोणी आणि पिठीसाखर तळहाताने तीन-चार मिनिटे फेसावी. रंग फिकट झाला की थांबावे. केकसारखे खूप फेसायचे नाही. फार हवा शिरली तर बिस्किटे पसरतात.

४. संत्र्याची साल किंवा वेलची घालावी. मग पीठ दोन-तीन वेळा करून घालावे आणि बोटांच्या टोकांनी मिसळावे. सगळे एकत्र येऊ लागले की फळे घालावीत. गोळा जमेल इतकेच दाबावे. मळू नये आणि पाणी घालू नये. तुपाचे पीठ फारच सुटत असेल तर चमचाभर दूध पुरे.

५. पिठाचे दोन भाग करून प्रत्येकी सुमारे १८ सेंटिमीटर लांब गोल वळकटी करावी. बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये एक तास ठेवावी.

६. ओव्हन १६० अंश सेल्सियसवर दहा मिनिटे आधी तापवून ठेवावा. धारदार सुरीने वळकटीच्या एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापाव्यात. वर आलेले बेदाणे बोटाने आत दाबावेत, उघडे राहिले तर ते जळून कडू होतात. काट्याने प्रत्येक चकतीला दोन-तीन ठिकाणी टोचावे. वाफ निघून जाते आणि नक्षीही होते.

७. ट्रेमध्ये अंतर ठेवून चकत्या मांडाव्यात आणि २० ते २५ मिनिटे भाजाव्यात. कडा किंचित सोनेरी, मधला भाग फिकटच, हे ओळखायचे. तांबूस रंगाची वाट पाहू नये.

८. बाहेर काढल्यावर बिस्किटे मऊच लागतील. घाबरू नये आणि पुन्हा आतही घालू नयेत. दहा मिनिटे ट्रेमध्येच राहू द्यावीत, मग जाळीवर काढावीत. गार होताना लोणी पुन्हा घट्ट होते आणि खुसखुशीतपणा येतो.

मैद्याऐवजी निम्मी बारीक कणीक घेतली तरी चालते. बिस्कीट थोडे रवाळ होते, पण गव्हाचा खमंगपणा येतो.

ओव्हन नसेल तर?

जाड बुडाची मोठी कढई किंवा पातेले घ्यावे. तळाशी बोटभर जाड मिठाचा थर पसरून त्यावर स्टीलची तिवई ठेवावी. घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. बटर पेपर लावलेल्या ताटलीत पाच-सहा बिस्किटे मांडून ती तिवईवर ठेवावी आणि आच अगदी मंद करून २५ ते ३० मिनिटे भाजावीत. झाकण सारखे उघडू नये. हे मीठ स्वयंपाकात वापरू नये, पण पुढच्या भाजणीला चालते. एका वेळी थोडी होतात, पण होतात छान. वळकट्या फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतात. रोज संध्याकाळी एक ताटली भाजली तरी चालेल.

मायक्रोवेव्हच्या नुसत्या लहरींवर शॉर्टब्रेड होत नाही. त्याला कन्व्हेक्शनची सोय हवी.

बिघडते कुठे?

बिस्किटे पसरून एकमेकांना चिकटली: लोणी फार मऊ होते, वळकटी पुरेशी गार झाली नव्हती किंवा ओव्हन आधी तापवला नव्हता.

कडक झाली: पीठ मळले गेले किंवा पाणी पडले. कणकेची सवय झालेल्या हाताला हे टाळणेच सर्वांत अवघड जाते.

तळ जळला, वरून कच्ची राहिली: ट्रे पातळ आहे. त्याखाली दुसरा ट्रे घालावा आणि ट्रे ओव्हनच्या मधल्या कप्प्यात ठेवावा.

उचलताच तुटली: गरम असताना उचलली. धीर धरावा.

दुसऱ्या दिवशी मऊ पडली: फळे ओली होती किंवा बिस्किटे पुरती गार होण्याआधी डब्यात भरली. १५० अंशांवर पाच मिनिटे भाजून गार केली की बहुधा सुधारतात.

कापताना चकती फुटली: फळांचे तुकडे मोठे राहिले. हरभऱ्याच्या डाळीपेक्षा मोठा तुकडा नसावा.

डबा भरताना

शॉर्टब्रेडची खरी चव दुसऱ्या दिवशी लागते. फळांचा आणि संत्र्याच्या सालीचा गंध तोवर लोण्यात मुरतो. म्हणून २५ तारखेचा बेत असेल तर २२-२३ला भाजावीत. हवाबंद डब्यात पंधरा दिवस उत्तम राहतात. गावाला किंवा वसतिगृहातल्या मुलांना पाठवायची असतील तर चकत्या दीड सेंटिमीटर जाड कापून पाच मिनिटे जास्त भाजाव्यात आणि डब्यातली रिकामी जागा चुरगळलेल्या बटर पेपरने भरावी. डबा हलवून पाहावा, आवाज आला नाही की प्रवासाला तयार.

डब्याला एक चिठ्ठी जरूर लावावी: ‘अंडे नाही. मैदा, लोणी, बेदाणे, बदाम आहेत.’ सुक्या मेव्याची किंवा गव्हाची अॅलर्जी असणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो आणि शाकाहारी घरातल्या आजींना बिनदिक्कत खाता येते. ‘यात काही नाही ना गं?’ असा संकोचाचा प्रश्न कुणालाच विचारावा लागत नाही.

या कामात मुलांना जरूर घ्यावे. फळे चिरणे आणि ओव्हन मोठ्यांचे. मैदा चाळणे, लोणी फेसणे, काट्याने टोचणे, चिठ्ठ्या लिहिणे मुलांचे. तीन-दोन-एकचे प्रमाण दुप्पट-निमपट करायला सांगितले तर सुट्टीतला गणिताचा अभ्यासही होतो, तोही न कुरकुरता.

‘नाताळ’ हा आपला शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. त्या दिवशी गोव्यात ‘कुस्वार’ म्हणजे फराळाची ताटे घरोघर जातात. त्यात नेवऱ्या असतात, कुलकुल असतात, दोदोल असतो आणि रवा-खोबऱ्याची बोलीन्य ही बिस्किटेही असतात. नेवरी ही आपल्या करंजीची सख्खी बहीण. वसईतल्या ख्रिस्ती घरांतूनही दिवाळीचा फराळ आणि नाताळचा फराळ यांची देवाणघेवाण चालत आली आहे. शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करायचे नाही, ही आपल्याकडची जुनी शिकवण. दिवाळीत तुमच्याकडून चकल्या-करंज्या गेल्या असतील, तर डिसेंबरात तिकडून केकची बशी येईल. ती बशी परत करताना तिच्यात काय घालायचे, हा प्रश्न आता पडू नये.

तेव्हा येत्या नाताळला काटा, परात आणि एक पत्र्याचा डबा काढून ठेवा. तीन भाग पीठ, दोन भाग लोणी, एक भाग साखर, आणि लोण्याच्या जागी लोणीच!